जुन्या भावांचं दप्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गावाकडे जमीन घ्यायची म्हटली की आपण नुसता सातबारा पाहून थांबत नाही. फेरफार काढतो, जुने उतारे पाहतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो. वाटण्या कधी झाल्या, एका गटाचे दोन गट कधी पडले, बोजा कुणाचा आहे, हे सगळं तपासल्याशिवाय इसार देत नाही. पण हाच माणूस शेअर घेताना मात्र पडद्यावर वर चढत गेलेली एक रेघ पाहतो आणि लाखभर रुपये लावून मोकळा होतो. ती रेघ कुठल्या आकड्यांवरून काढली, ते आकडे कुणी दिले, मधल्या काळात त्यांत काय फेरफार झाले, हे विचारायची आपल्याला सवय नाही. म्हणून शेअरच्या जुन्या भावांचे भरवशाचे आकडे कुठे मिळतात, ते कसे वाचायचे आणि घरी नीट कसे लावून ठेवायचे, याबद्दल आज बोलणार आहे.

आधी मूळ दप्तर कुठलं ते पाहू. आपल्याकडे मुंबई शेअरबाजार, म्हणजे बीएसई, आणि राष्ट्रीय शेअरबाजार, म्हणजे एनएसई, हे दोन्ही बाजार रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या भावांची एक यादी प्रसिद्ध करतात. तिला बाजारात 'भावकॉपी' म्हणतात. दोन्ही बाजारांच्या संकेतस्थळांवर ती फुकट मिळते आणि मागच्या तारखांचीही उतरवून घेता येते. तीत प्रत्येक शेअरची एक ओळ असते. सुरुवातीचा भाव, दिवसातला सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, बंद भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव, किती शेअरची उलाढाल झाली आणि किती रुपयांची, असे रकाने असतात. जुलै २०२४पासून या यादीचा साचा बदलला आहे. त्यामुळे जुन्या आणि नव्या याद्या एकाखाली एक जोडताना रकान्यांची नावं जुळवून घ्यावी लागतात.

यातला 'बंद भाव' हा शब्द पुष्कळांना फसवतो. दिवसाचा शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो बंद भाव, असं आपण धरून चालतो. पण एनएसईवर वर्षानुवर्षे नोंदला गेलेला बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. शेवटच्या सौद्याचा भाव वेगळ्या रकान्यात असतो. म्हणून दोन ठिकाणचे आकडे रुपया-दोन रुपयांनी वेगळे दिसले, तर त्यातला एक खोटा असेलच असं नाही. दोघं वेगळी गोष्ट मोजत असतील.

आता फेरफारांकडे येऊ. भावकॉपीतला भाव हा त्या दिवशी बाजारात खरोखर चाललेला, कच्चा भाव असतो. पुढे कंपनीनं बोनस शेअर दिले किंवा शेअरची विभागणी केली, तरी जुनी भावकॉपी कुणी बदलत नाही आणि बदलूही नये. पण त्यामुळे कच्च्या आकड्यांत मोठमोठ्या खोट्या पडझडी दिसतात.

इन्फोसिसचं उदाहरण घ्या. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली ही कंपनी. जून २००४मध्ये तिचा भाव पाच हजार रुपयांच्या वर होता. जुलै २००४मध्ये एका शेअरला तीन बोनस शेअर मिळाले. त्यानंतर २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ अशा चार वेळा एकास एक बोनस मिळाला. म्हणजे जून २००४मध्ये ज्याच्याकडे शंभर शेअर होते, त्याचे आधी चारशे झाले, मग आठशे, सोळाशे, बत्तीसशे आणि शेवटी सहा हजार चारशे. त्यानं वर एक रुपयाही घातला नाही. आता कच्चे भाव पाहाल तर पाच हजारांचा शेअर काही वर्षांनी हजारावर दिसेल आणि वाटेल की बिचारा पार बुडाला. उलट, बोनस जमेस धरून 'समायोजित' केलेल्या आकड्यांत जून २००४चा तो पाच हजारांचा भाव चौसष्टनं भागलेला, म्हणजे शंभर रुपयांच्याही खाली दिसतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो अर्धे आकडे कच्चे आणि अर्धे समायोजित असे एकाच यादीत मिसळले की. समजा, तुम्ही एक नियम तपासताय, 'शेअर एका दिवसात चाळीस टक्के पडला की घ्यावा.' कच्च्या आकड्यांवर हा नियम चालवला, तर संगणक प्रत्येक बोनसच्या दिवशी तुम्हाला खरेदी करायला लावील. त्या दिवशी प्रत्यक्षात काहीच पडलेलं नसतं.

बोनस आणि विभागणीचा हिशेब निदान सरळ असतो. कंपनीतून एखादा व्यवसाय वेगळा काढला, तर तो अवघड होतो. जुलै २०२३मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. १९ जुलैला एनएसईवर रिलायन्सचा बंद भाव २,८४१ रुपये ८५ पैसे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खास सत्र झालं आणि भाव ठरला २,५८० रुपये. मधले २६१ रुपये ८५ पैसे कुठे बुडाले नाहीत. ते नव्या कंपनीच्या शेअरची किंमत म्हणून वेगळे निघाले आणि प्रत्येक भागधारकाला एका शेअरमागे एक नवा शेअर मिळाला. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये रिलायन्सनं एकास एक बोनस दिला, तेव्हा हे सगळे जुने भाव समायोजित यादीत पुन्हा निम्मे झाले. आकडे पुरवणारे काही जण असं वेगळं होणं जमेस धरतात, काही धरत नाहीत. लाभांशाचंही तसंच. काही ठिकाणी समायोजित भावातून लाभांशही वजा केलेला असतो, काही ठिकाणी फक्त बोनस आणि विभागणी धरलेली असते. ही माहिती सहसा खाली बारीक अक्षरात दिलेली असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निर्देशांकाचंही असंच आहे. सेन्सेक्स आणि निफ्टीचे जे आकडे आपण रोज ऐकतो, त्यांत लाभांश धरलेला नसतो. लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढलेला 'टोटल रिटर्न' निर्देशांक वेगळा असतो. फेब्रुवारी २०१८पासून म्युच्युअल फंडांनी आपली तुलना या दुसऱ्या निर्देशांकाशीच करावी, असं सेबीनं बंधन घातलं. कुणी आपली कामगिरी नुसत्या निफ्टीशी ताडून दाखवत असेल, तर त्यानं स्वतःच्या बाजूला लाभांश धरलाय का, हे विचारायला हवं.

जमिनीच्या कागदात गट नंबर बदलतात, तशी शेअरची नावंही बदलतात. टेल्कोची टाटा मोटर्स झाली, टिस्कोची टाटा स्टील झाली, यूटीआय बँकेची ॲक्सिस बँक झाली. गोव्यातल्या खाणींसाठी ओळखली जाणारी सेसा गोवा २०१३मध्ये सेसा स्टरलाइट झाली आणि २०१५मध्ये वेदांता. नावावरून शोधायला गेलात तर इतिहास मध्येच तुटतो. प्रत्येक शेअरला बारा अक्षर-अंकांचा आयएसआयएन क्रमांक असतो, तो जास्त भरवशाचा. पण शेअरची विभागणी होऊन दर्शनी मूल्य बदललं की तोही बदलतो. म्हणून जुनं नाव, नवं नाव, जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि बदलाची तारीख, अशी एक छोटी यादी स्वतंत्र ठेवावी लागते.

आता सगळ्यांत फसव्या गोष्टीकडे येतो. यादीत जे आहे त्यात चूक असली, तर ती निदान सापडू शकते. जे यादीतच नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. समजा कुणी आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेतल्या, त्यांचे वीस वर्षांचे भाव काढले आणि सांगितलं की बघा, चांगल्या कंपन्या घेऊन बसलं की पैसा होतोच. पण या पन्नास कंपन्या चांगल्या ठरल्या, म्हणूनच आज त्या यादीत आहेत. वीस वर्षांपूर्वी ते कुणाला ठाऊक होतं? सत्यम कॉम्प्युटर सेन्सेक्समध्येही होती आणि निफ्टीतही. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि एका दिवसात शेअरची पाऊण किंमत गेली. पुढे २०१३मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. आजच्या यादीवरून मागे जाणाऱ्याला सत्यम भेटतच नाही. गृहकर्ज देणारी डीएचएफएल ही एके काळी घराघरांत माहीत असलेली कंपनी. दिवाळखोरीच्या प्रक्रियेनंतर २०२१मध्ये तिच्या भागधारकांच्या हाती शून्य आलं आणि शेअर बाजारातून काढला गेला. १९८६मध्ये सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हाच्या तीस कंपन्यांत हिंदुस्थान मोटर्स होती, प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, मुकंद होती. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, तशा त्या कंपन्याही निर्देशांकातून गेल्या. म्हणून आकडे घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, 'बंद पडलेल्या, विलीन झालेल्या, बाजारातून काढलेल्या कंपन्या यात आहेत का?' फुकट मिळणाऱ्या बहुतेक तयार तक्त्यांत त्या नसतात. त्या त्या दिवसाच्या भावकॉपीत मात्र त्या असतात, कारण त्या दिवशी पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेच्या 'प्रोवेस' या संग्रहातही अशा कंपन्यांची माहिती मिळते. तो विकत घ्यावा लागतो, पण अनेक विद्यापीठांत आणि व्यवस्थापन संस्थांत तो असतो. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी त्यावरूनच भारतीय बाजाराच्या परताव्याचे काही आकडे काढून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत आणि गळून गेलेल्या कंपन्यांची दुरुस्ती त्यात केलेली आहे.

असा नीट संग्रह करायला किती कष्ट पडतात, याची एक जुनी गोष्ट आहे. १९६० साली अमेरिकेतल्या मेरिल लिंच या दलाल पेढीला जाहिरातीतून लोकांना सांगायचं होतं की शेअरमधली गुंतवणूक दीर्घकाळात किती फायद्याची असते. पण तो आकडा कुणाकडेच नव्हता. शिकागो विद्यापीठातले जेम्स लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी काम हाती घेतलं. न्यूयॉर्क शेअरबाजारातल्या १९२६पासूनच्या कंपन्यांचे महिनाअखेरचे भाव, लाभांश, विभागण्या, विलीनीकरणं, सगळं त्यांनी जमवलं. एका साध्या प्रश्नाचं उत्तर १९६४मध्ये आलं, वर्षाला सुमारे नऊ टक्के. आकडेमोड संगणकानं केली. बराचसा वेळ गेला तो आकडे जमवण्यात आणि तपासण्यात. तो संग्रह आजही जगभरचे अभ्यासक वापरतात.

आपल्या आकड्यांत तारखांच्याही काही खाचाखोचा आहेत. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचे सौदे तासाभराचे असतात आणि त्या दिवशी उलाढाल अगदी कमी असते. सरासरी उलाढाल काढताना ती ओळ बाजूला काढावी. शनिवारी बाजार बंद असतो, म्हणून शनिवारची ओळ चुकीची समजून पुसू नये. १ फेब्रुवारी २०२५ हा अर्थसंकल्पाचा दिवस शनिवारच होता आणि बाजार चालू होता. २४ फेब्रुवारी २०२१ला तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार दुपारच्या आधीच थांबले आणि नंतर संध्याकाळी पाचपर्यंत चालले. बीएसई मात्र मध्ये चालू होतं. त्या दिवसाचे मिनिटामिनिटाचे आकडे दोन्ही बाजारांत जुळणारच नाहीत. ५ ऑक्टोबर २०१२ला एका दलाल पेढीच्या चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी आदल्या दिवशीच्या ५,७८७वरून काही क्षणांत ४,८८८पर्यंत खाली आला आणि लगेच सावरला. सौदे खरेच झाले होते, म्हणून तो नीचांक नोंदीत आहे. पण 'या पातळीला बाजाराला आधार मिळाला' असं कुणी त्यावरून सांगू लागला, तर ते हास्यास्पद ठरेल.

फार मागे जाल तितका बाजारच वेगळा होता, हेही लक्षात घ्यावं. १९९५पर्यंत दलाल स्ट्रीटवर रिंगणात ओरडून भाव ठरत. जुलै २००१पर्यंत आठवड्याचा हिशेब आणि बदला चालत होता. आता दुसऱ्या दिवशी हिशेब पुरा होतो. सेन्सेक्सचा पायाच १९७८-७९चा असला तरी तो सुरू झाला १९८६मध्ये. त्याआधीचे आकडे मागाहून मोजलेले आहेत. आजही नवा निर्देशांक येतो, तेव्हा त्याचा वीस वर्षांचा सुरेख इतिहास सोबत असतो. निर्देशांकाच्या माहितीपत्रकात पायाची तारीख आणि सुरू झाल्याची तारीख, अशा दोन तारखा असतात. दुसऱ्या तारखेच्या आधीचा काळ कुणीही प्रत्यक्ष अनुभवलेला नाही.

मोठ्या आकड्यांनीही बिचकू नये. २८ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला, ४ जून २०२४ला सुमारे ४,३९० अंकांनी. पण पहिली पडझड जवळजवळ तेरा टक्क्यांची होती आणि दुसरी पावणेसहा टक्क्यांची. जुना काळ पाहताना अंक सोडून टक्के पाहावेत.

आणखी एक सापळा आहे. मार्चअखेरच्या तिमाहीचा नफा आपल्या तक्त्यात ३१ मार्चच्या ओळीत लिहिलेला असतो. पण वर्षाचे निकाल जाहीर करायला कंपन्यांना साठ दिवसांची मुदत असते. मग १ एप्रिलला तो नफा पाहून शेअर घेतला, असं गृहीत धरणं म्हणजे उत्तरपत्रिका आधी पाहून पेपर सोडवणं झालं. निकाल ज्या दिवशी जाहीर झाला, ती तारीख नोंदवावी. आणि दलाली, ऑक्टोबर २००४पासून लागू असलेला रोखे व्यवहार कर आणि इतर खर्च वजा केल्याशिवाय कागदावरच्या नफ्याला नफा म्हणू नये.

आता तुम्ही विचाराल की एवढं सगळं सामान्य माणसानं कसं सांभाळायचं? सगळ्या बाजाराचं दप्तर घरी ठेवायची गरज नाही. तुमचे दहा-वीस शेअर असतील, तेवढ्यांचं ठेवा. संगणकात दोन कप्पे करा. पहिल्यात बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या मूळ याद्या, जशाच्या तशा. त्यांना कधीही हात लावायचा नाही. दुसऱ्यात तुमचं काम. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा. नाहीतर तीन एप्रिल आणि चार मार्च यांची अदलाबदल होते आणि ती पुढे सापडत नाही. तिसरा कागद फेरफारांचा. बोनस, विभागणी, लाभांश, हक्कभाग, विलीनीकरण, नावबदल, आणि प्रत्येकाची तारीख. ही माहितीही दोन्ही बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीवार मिळते. आकडे कुठून आणि कोणत्या दिवशी घेतले, हे वर लिहून ठेवा. रिकामी जागा रिकामीच ठेवा, तिथे शून्य घालू नका. शून्य हा भाव आहे, रिकामी जागा म्हणजे त्या दिवशी सौदाच झालेला नाही. मिनिटामिनिटाचे आकडे हवे असतील, तर बाजारांकडून किंवा त्यांच्या अधिकृत वितरकांकडून विकत घ्यावे लागतात. कुणी पेन ड्राइव्हवर फुकट देत असेल, तर मूळ भावकॉपीशी चार-पाच दिवस ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तिन्ही वर्षांचा एकूण तोटा होता एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक. यात निवृत्तीचे पैसे असतील, मुलांच्या शिक्षणाचे असतील. आणि या मार्केटमध्ये आज 'दहा वर्षांच्या आकड्यांवर तपासलेली पद्धत' असं सांगून शिकवण्या आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची कमी नाही. तपासलेली असेलही. पण कशावर तपासली?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी असा तक्ता समोर ठेवला, तर त्याला चार प्रश्न विचारा. आकडे मूळ कुठून घेतले? बोनस, विभागणी, कंपनी वेगळी होणं, लाभांश, यांतलं काय काय धरलं? बुडालेल्या कंपन्या यात आहेत का? खर्च वजा केलाय का? चारही उत्तरं लगेच आणि लेखी मिळाली, तर पुढचं बोलणं ऐकायला हरकत नाही. 'ते तुम्हाला कळायचं नाही' असं उत्तर आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणि येत्या सुटीच्या दिवशी एवढंच करून पाहा. तुमच्याकडचा कुठलाही एक जुना शेअर घ्या. तो घेतला त्या दिवशीची भावकॉपी काढा, आजवरचे फेरफार एका कागदावर लिहा आणि तुम्हाला प्रत्यक्षात किती परतावा मिळाला, ते लाभांश धरून हातानं मोजा. तासाभराचं काम आहे. मग तोच आकडा तुमच्या मोबाइलवरचा तक्ता किती दाखवतो, ते पाहा. दोन्हींत फरक निघाला, तर तो का निघाला, हे शोधून काढल्याशिवाय उठू नका.